रविवारची माती

परवा सकाळी धाकट्या भावाचा, रमेशचा फोन आला. दरवर्षी चैत्रात येतो तसाच. "ताई, कूलर उतरवला वं. यंदा तर अजूनच तिरपा उभा राहून राहिला. पाणी सारं एका कोपऱ्यात जमा होते. खालची जमीन खचली, दुसरं काय!"

"किती खचली?"

"दोन बोटं असंन."

"मागच्या वर्षी दीड होती."

"तू काय मोजून ठेवते का काय?" तो हसला. मग म्हणाला, "मिस्त्रीले सांगतलं आहे. चार टाइल्स काढतो, एक ट्रॉली मुरूम टाकतो, धुम्मस मारून सपाट करतो. सोमवारी काम सुरू."

मी म्हटलं, "थांब जरा. मी सांगते तुले." आणि फोन ठेवून दिला. बिचारा कोड्यात पडला असेल. कुठल्या कोणत्या खाणीचा मुरूम आणून तिथं ओतणार म्हणे!

मी आता प्रताप नगरात राहते, चौथ्या मजल्यावर. इथं भिंतीत बसवलेलं यंत्र बटण दाबलं की गार हवा देतं. तक्रार काहीच नाही, पण त्याला वास नाही. चैत्र लागला हे मला कळतं ते ओल्या वाळ्याच्या वासानं. तो वास आला की त्याच्यामागून दुसरा येतो, जळलेल्या तारेचा आणि व्हार्निशचा, आणि त्याच्याही मागून मोहाच्या फुलांचा. हे तिन्ही वास ज्याच्या एकट्याच्या अंगाला यायचे ते आमचे बाबा. अख्खी वस्ती त्यांना वामन मिस्त्री म्हणायची.

बाबा वायंडिंगचं काम करत. मोटर जळली म्हणजे आतली तार जळलेली असते. ती उपसून काढायची, तेवढ्याच फेऱ्यांची नवी तांब्याची तार हातानं फिरवायच्या चरखीवर गुंडाळायची आणि मोटरीत बसवायची. दोन-चार फेरे इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही, असं दुसरे मिस्त्री म्हणत. बाबा ऐकत नसत. चरखी फिरू लागली की घरात कोणी त्यांच्याशी बोलायचं नाही, हा कायदा होता. कोणी बोललंच तर ते आकड्यात उत्तर देत. एकदा मामा धापा टाकत आला, "भाऊजी, मुलगा झाला मले, मुलगा!" बाबा मान न उचलता म्हणाले, "तीनशे अकरा." मामानं ती गोष्ट मरेपर्यंत सांगितली.

नागपूरचा उन्हाळा म्हणजे या धंद्याची दिवाळी. घरोघरी कूलर नवे नवे लागू लागले होते आणि होळी पेटली की त्यांच्या मोटरी आमच्या दारात येऊन पडत. पण बाबांचा जीव काही चरखीत नव्हता. त्यांचा जीव होता रविवारात. रविवार उजाडला की हा माणूस छपराखाली थांबत नसे. सायकल काढायची, आम्हाला सगळ्यांना काढायचं आणि निघायचं. कधी कन्हानच्या पात्रात, कधी रामटेकच्या बाजूला, कधी कोराडीच्या तलावाकडे, कधी उमरेड रोडनं जंगलात. देवदर्शन नाही, शिकार नाही, काम तर मुळीच नाही. नुसतं हिंडायचं. डांबरी रस्ता सुटला की पहिला हुकूम, "चपला काढा. जमिनीले समजू द्या कोण आलं ते." आई कुरकुरायची, काटे मोडतील म्हणायची, आणि सगळ्यांत आधी तीच काढायची.

त्यांच्याबरोबरचे कारागीर म्हणत, "वामन, एखाद दिवशी एकटा ये गा आमच्यासंग. बायकापोरं कशाले पाह्यजे जंगलात? बायकोचा बैल झाला तू." बाबा म्हणत, "बैल त बैल. पण गाडी भरून नेतो ना!" खरंच, एकट्यानं पाहिलेल्या गोष्टीचा त्यांना आनंद होत नसे. भारद्वाज दिसला तरी आधी आम्हाला हाका मारायचे, आणि आम्ही येईपर्यंत तो उडून गेलेला असायचा. मग चिडायचे ते आमच्यावरच.

त्या उघड्यावरच्या वेडाचं मूळ होतं आमच्या घरातल्या एका खड्ड्यात. जिथं आता कूलर तिरपा उभा राहतो, तिथं.

आम्ही कोष्टी. नंदनवन तेव्हा वसायचंच होतं. त्याच्या अलीकडे आमची विणकरांची जुनी वस्ती, कवेलूच्या छपरांची घरं, आणि प्रत्येक घराच्या पुढल्या खोलीत माग. हा माग जमिनीत खड्डा करून बसवलेला असतो. विणणारा काठावर बसतो, पाय खाली खड्ड्यात सोडतो आणि पायांनी लाकडी पट्ट्या दाबत विणत राहतो. बाबांचे वडील, आमचे आबाजी, नवव्या वर्षी त्या खड्ड्यात पाय सोडून बसले ते केस पिकेपर्यंत. बाबाही आठव्या वर्षापासून तिथंच. विशीत ते उठले आणि म्हणाले, मी वायंडिंग शिकतो. आबाजींना किती लागलं असेल देव जाणे. ते फक्त एवढंच बोलले, "जा. पण मोजणं विसरू नको."

मी तेरा वर्षांची होते आणि रम्या सहाचा, त्या दिवाळीला आबाजींचा माग बंद पडला. हातमागाचं लुगडं कोणी घेईना, सूत वेळेवर मिळेना. एका सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं मागाची लाकडं सोडवली, दोरीनं बांधली आणि आढ्याला टांगून ठेवली. आणि मग पुन्हा येऊन खड्ड्याच्या काठावर बसले, पाय आत सोडून. समोर माग नाही, सूत नाही, काही नाही. नुसता खड्डा.

दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी गेली. आबाजी उंबरठ्याच्या बाहेर पडले नाहीत. कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंतसुद्धा नाही. परसात जाऊन यायचे की पुन्हा काठावर. अर्धी भाकर खायचे, मग पाव. बोलणं तर बंदच. आम्ही रविवारी निघालो की बाबा दरवेळी विचारत, "येतो का बा?" आबाजी मान हलवत. परत येताना बाबा त्यांच्यासाठी काहीबाही आणत. पळसाची फुलं, रानातली बोरं, एकदा मोराचं पीस. आबाजी ते हातात घेत आणि बाजूला ठेवत.

आईला तो खड्डा बुजवून हवा होता, आणि तिचं काही चुकत नव्हतं. दोन खोल्यांचं घर, दारापर्यंत मोटरी, रम्या दोनदा त्यात पडलेला. पण बाबा म्हणत, "ज्याचा खड्डा त्यानंच म्हणावं, बुजव." एके दिवशी मात्र आई फारच चिडली तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "माग सोडून मी बाहेर पडलो वं. तो आतच राहिला. आता बुढा त्या खड्ड्यातच सरंन का काय, भेव वाटते मले." बाबांना भीती वाटते, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यानंतर आईनं खड्ड्याचं नाव काढलं नाही.

त्या चैत्रात मोटरींचा नुसता पूर आला. बाबांचे तीन रविवार बुडाले. माणूस सुकत चालला होता. बसायला जागा उरली नाही म्हणून चरखी खड्ड्याला लागूनच मांडली होती, आबाजींपासून हातभर अंतरावर. बाबा मनात फेरे मोजत होते आणि मी बाहेरून बोंबलतच आत शिरले, "बाबा, रम्या कडुनिंबावर चढून बसला, उतरूनच नाही राहिला!"

बाबांचा हात थांबला. आकडा गेला. बाबा कधी ओरडत नसत, पण तीन रविवार बुडालेले होते. "भैताड पोट्टी! अक्कल आहे का नाई तुले? आता सारी तार उलगडा लागते!" मी तिथंच रडायला लागले.

तेवढ्यात खड्ड्याच्या काठावरून आवाज आला. "दोनशे सोळा."

आबाजी आमच्याकडे पाहतही नव्हते. खड्ड्यात पाहत होते. "दोनशे सोळा झाले," ते पुन्हा म्हणाले. "एकशे चाळीसच्या पुढं घाई करतो तू वामन. पहिल्यापासून."

बाबांनी तार उलगडली. एकेक फेरा मोजत उलगडली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दोनशे सोळा. एक कमी नाही, एक जास्त नाही. म्हणजे हा म्हातारा गप्प बसून रोज, प्रत्येक मोटरीचा प्रत्येक फेरा मनात मोजत होता! आम्हाला वाटत होतं आबाजी आतून विझले, आणि आतमध्ये हिशेब चालू होता पठ्ठ्याचा. बाबा त्यांच्याकडे बघतच राहिले. रम्याची आठवण कोणालाच राहिली नाही. दुपारी भूक लागल्यावर तो आपला आपणच उतरला.

दुसऱ्या दिवसापासून आबाजी मोठ्यानं मोजू लागले आणि बाबा चरखी फिरवू लागले. काम भराभर हातावेगळं होऊ लागलं. आबाजींची भाकर अर्ध्यावर आली, मग पाऊण. पण पाय खड्ड्यातच.

मग एका शनिवारी जेवताना बाबांनी भिंतीकडे पाहत जाहीर केलं, "उद्या उमरेड रोडले जा लागते. एका संत्र्याच्या बागेतली विहिरीची मोटर जळली. तिथंच बसून भरून द्या म्हणते मालक. आता तिथं फेरे कोण मोजंन?"

"मी मोजीन," आई म्हणाली.

"तुले शंभराच्या पुढं येते का?"

आई चौथी पास होती आणि भाजीवाल्याला आकड्यात रडवायची. तिनं तोंडाला पदर लावला आणि वरणाकडे वळली. बाबा जेवत राहिले. आबाजींनी घास खाली ठेवला.

"किती फेरे?"

"चारशे असंन एका कॉइलले."

"किती कॉइल?"

"चार."

आबाजी बराच वेळ ताटात बोटं फिरवत बसले. मग म्हणाले, "सायकल कोण चालवंन?"

सकाळी थंड वेळेला निघालो. आबाजी उंबरठ्यापाशी आले आणि चौकट धरून थांबले. पाच-सहा महिन्यांनी अंगावर ऊन पडणार होतं. डोळे किलकिले झाले. बाबा घाई न करता नुसती सायकल धरून उभे राहिले. कॅरियरवर गोधडीची घडी बांधलेली होती. शेजारचे लोक बाहेर आले. कोणी विचारलं, "आबाजी, कुठं निघाली स्वारी?" आबाजी ताठ बसून म्हणाले, "कामाले."

दुसऱ्या सायकलवर मी, मागे चरखी आणि तारेचं भेंडोळं. आई आणि रम्या लाल बसनं, बरोबर कणीक, वांगी आणि गवऱ्यांचं पोतं. कंडक्टर म्हणाला म्हणे, "बाई, गवऱ्या घेऊन कुठं चालल्या? तिकडं गाई नाईत का?" आई म्हणाली, "तिकडल्या मी थापल्या नाई ना. भरवसा काय त्याईचा?" रोडगे भाजायला गवरी आपल्याच हातची हवी, यावर तिची श्रद्धा होती.

बागेच्या कडेला कोरड्या नाल्याच्या काठावर मोठं मोहाचं झाड होतं. पान एक नाही, फुलं मात्र टपाटप पडत होती. दोन बाया टोपल्यांत ती वेचत होत्या. सगळ्या हवेला गोड, थोडा आंबूस वास. बाबांनी झाडाखाली दगडावर चरखी ठोकून बसवली. आबाजींनी जागा शोधली ती बरोबर नाल्याच्या काठावर, आणि सवयीनं पाय खाली सोडले.

चरखी फिरू लागली. "एक, दोन, तीन..." आईनं थोडं दूर गवऱ्या पेटवल्या होत्या. कणकेचे गोळे निखाऱ्यांत पडत होते. "नव्वद, एक्याण्णव..." एक फूल आबाजींच्या टोपीवर पडलं. ते मोजत राहिले. दुसरं खांद्यावर पडलं. "एकशे पस्तीस, एकशे छत्तीस, एकशे सदतीस..." आणि एक फूल पडलं ते नेमकं त्यांच्या मांडीवरच्या उघड्या तळहातावर.

आबाजींनी ते उचललं. नाकाशी नेलं. मग मान वर करून पाहिलं, कुठून पडलं म्हणून. मान वर गेली ती खाली येईचना. त्या उघड्या फांद्या, त्यांच्यावरचे पोपट, त्यांच्याही वरचं चैत्राचं निळं आभाळ. बाबांचा हात फिरतच होता.

"एकशे सदतीस," आबाजी म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "एकशे सदतीस."

बाबांनी चरखी थांबवली. "किती झाले, बा?"

आबाजींनी आमच्याकडे पाहिलं. आणि हसले. बोळक्या तोंडानं, खांदे हलवत हसले. "चुकलो गा," ते म्हणाले. "चुकलो, वामन! सोड ते."

साठ वर्षांत ज्या माणसाचा एक धागा चुकला नव्हता तो चुकला आणि असा हसला! बाबा उठले आणि झाडाच्या मागे गेले. मी मागोमाग गेले तर व्हार्निशनं काळ्या झालेल्या हातांनी डोळे पुसत होते. "धूर गेला डोळ्यात," म्हणाले. धूर आईच्या बाजूला होता, पण मी तेव्हाही एवढी भैताड नव्हते. मी आपली रोडगे राखेतून काढायला गेले.

आबाजींनी त्या दिवशी तीन रोडगे खाल्ले, तुपात कुस्करून, वांग्याच्या भाजीशी. मग टोपी डोळ्यांवर घेऊन झाडाखाली आडवे झाले. चरखीला कोणी हात लावला नाही.

ऊन उतरल्यावर परत निघालो. चढावर बाबा जोर लावत होते, मी शेजारी. मागून आबाजी म्हणाले, "वामन, ती मोटर कोणाची होती गा?"

"विहिरीवरची."

"तार जुनी होती."

बाबा पायडल मारत राहिले.

"आन् विहिरीवर त बैल मोट ओढून राहिले होते. मोटर मले दिसलीच नाई कुठं."

"बोलू नको ना बा," बाबा धापा टाकत म्हणाले, "चढ आहे!"

घरी आल्यावर आबाजी खड्ड्यापाशी गेले. नेहमीसारखे बसतील असं वाटलं. पण ते उभेच राहिले. दुपट्ट्याची गाठ सोडली. मला वाटलं, फुलं आणली असतील. फुलं होतीच दोन-चार, पण बाकी माती होती. मोहाच्या झाडाखालची काळी माती, मूठ-दीड मूठ. ती त्यांनी खड्ड्यात टाकली, दुपट्टा झटकला आणि आईला म्हणाले, "भर आता सूनबाई. तुह्या मोटरी ठेव इथं." जिला तो खड्डा इतके महिने नको होता, ती आई मटकन खाली बसून रडली.

बाबांना एक बैलबंडी मुरूम मागवता आला असता. दोन तासांत काम झालं असतं. पण ते म्हणाले, घाई नाही. मग दर रविवारी जिथं जाऊ तिथून एक थैली माती आणायची, असं सुरू झालं. कन्हानची वाळू आली. रामटेककडची लाल आली. कोराडीची राखाडी, कोळशाची कणी मिसळलेली आली. आई म्हणायची, "लोक घरात सामान आणते, यानं जिल्हा आणला." मागच्या कॅरियरवर आबाजी आणि त्यांच्या मांडीवर थैली. खड्डा भरायला पुढला चैत्र उजाडला. शेवटची थैली टाकून झाल्यावर आबाजींनी ती जमीन स्वतःच्या पायांनी तुडवली, आणि आईनं शेणानं सारवली.

आबाजी त्यानंतर सात वर्षं जगले आणि रविवारी कधी घरात सापडले नाहीत. बाबा त्याच जागेवर बसून म्हातारे होईपर्यंत मोटरी भरत राहिले. पुढे त्यांचे गुडघे गेले, सायकल सुटली. मला वाटलं, आता हा माणूस छपराखाली कसा राहणार? पण ते खुर्ची तिथंच मांडत, चपला काढत आणि पाय जमिनीला टेकवून बसत. मी गेले की विचारायचे, "सांग बरं, आज कुठं आहो मी?" आणि स्वतःच सांगायचे, "कन्हानवर. पाणी गार आहे." शेवटपर्यंत मजेत होता माझा बाप.

तीच जमीन दोन बोटं खचली आहे. हातानं, पायानं भरलेली माती, खचणारच. त्यात आता सोमवारी ट्रॉलीचा मुरूम पडणार.

मी काल रम्याला फोन केला. म्हटलं, "मुरूमवाल्याले नाई म्हण."

"काहून?"

"सोमवारच्या आधी रविवार येते ना. उमरेड रोडले जाऊ. दोन थैल्या पुरते."

"ताई, तुले समजते का? तिकडं चौपदरी रस्ता झाला. ते झाड असंन का आता?"

"झाड नसलं त माती असंन."

"माहे गुडघे दुखते वं. आन् तू सत्तरीले आली."

"आपण काय सायकलनं जाऊन राहिलो का? तुह्या पोराची गाडी आहे ना! त्याले घे, सुनेले घे, सगळ्यायले घे."

मग पलीकडून आवाज आला, "गवऱ्या कुठं भेटंन वं आता?"

मी कणीक किती लागेल ते मोजायला घेतलं.